मक्याचं शेत आणि कलम सत्तावीस

(बिबवेवाडी, पुणे येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



बिबवेवाडीला मार्केट यार्ड शेजारीच आहे. पावसाळ्यात तिथे मक्याच्या कणसांचे ढीग लागतात आणि संध्याकाळी तीच कणसं कोपऱ्याकोपऱ्यावरच्या शेगड्यांवर भाजली जातात. हे पीक मूळचं मेक्सिकोचं. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी एका रानगवतातून निवडत, पारखत ते घडवलं. युरोपच्या जहाजांतून ते पुढे आपल्याकडे आलं. विसाव्या शतकात वर्ध्याचा एक मराठी माणूस उलट दिशेने गेला. मक्याच्या जन्मभूमीत राहून तिथल्या शेतकऱ्यांसाठी मक्याचं बी सुधारायचं काम त्याने हाती घेतलं. त्या माणसाचं नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

आजचा विषय आहे स्पेनच्या जुन्या वसाहतींचं स्वातंत्र्य आणि त्यांच्या राज्यघटना. मग खानखोजे त्यात कुठून आले? तीन गोष्टी क्रमाने पाहू: आधी घटनेचा कागद, मग जमीन, आणि शेवटी तो कागद त्या जमिनीपर्यंत पोहोचवणारी माणसं. सर्वांत जास्त वेळ दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीला लागेल, कारण खरा इतिहास तिथे आहे.

१८०८ साली नेपोलियनने स्पेन घेतला आणि राजा सातवा फर्नांडो त्याच्या कैदेत पडला. राजाच नाही, तर राज्य कुणाच्या नावाने चालायचं? हा प्रश्न माद्रिदला पडला, तसाच काराकासला, बुएनोस आइरेसला आणि मेक्सिकोलाही पडला. फ्रेंच फौजांच्या वेढ्यात असलेल्या कादिस बंदरात प्रतिनिधी जमले आणि १९ मार्च १८१२ रोजी त्यांनी घटना जाहीर केली. स्पॅनिश राष्ट्र म्हणजे दोन्ही गोलार्धांतल्या स्पॅनिशांचा समुदाय, असं तिने आरंभीच सांगितलं. सत्ता मूळची राष्ट्राची, राजाची नव्हे, हेही सांगितलं. वसाहतींतले प्रतिनिधी त्या सभेत बसले, बोलले, भांडले. आपल्याकडे काय होतं? दादाभाई नवरोजी १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये पोहोचले ते लंडनच्या मतदारांच्या मतांवर. हिंदुस्थानच्या रयतेने निवडलेला माणूस त्या सभागृहात शेवटपर्यंत बसला नाही.

पण कादिसच्या घटनेतच खोट होती. आफ्रिकी वंशाच्या लोकांना तिने नागरिकत्वाबाहेर ठेवलं. त्यांची डोकी मोजली असती, तर अमेरिकेतल्या वसाहतींच्या जागा वाढल्या असत्या आणि स्पेनचं संख्याबळ मागे पडलं असतं. समतेची भाषा करणाऱ्यांनीच हा हिशेब मांडला, आणि वसाहतींच्या प्रतिनिधींना तो बोचला. १८१४ साली फर्नांडो परत आला, त्याने घटना रद्द केली आणि प्रतिनिधींना तुरुंगात घातलं. मेक्सिकोचे मिगेल रामोस आरिस्पे त्यांपैकी एक. पेशाने धर्मगुरू. सहा वर्षं कैदेत काढून ते १८२० साली सुटले, आणि मायदेशी परतल्यावर १८२४ च्या मेक्सिकोच्या पहिल्या संघराज्यीय घटनेच्या मसुद्यात त्यांचाच हात मोठा होता.

या लाटेचं पाणी आपल्या किनाऱ्यालाही लागलं. १८२० साली स्पेनमध्ये कादिसची घटना पुन्हा लागू झाली, तिच्या मागोमाग पोर्तुगालमध्ये क्रांती झाली, आणि १८२२ च्या जानेवारीत गोव्यात चक्क निवडणूक झाली. बेर्नार्दो पेरेस द सिल्व्हा आणि कोन्स्तांसियू रोक द कोस्ता हे दोन गोवेकर लिस्बनच्या संसदेसाठी निवडून आले. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. ती संसद पुढच्याच वर्षी बरखास्त झाली, हा भाग निराळा. तिकडे कलकत्त्यात राजा राममोहन रॉय यांनी स्पॅनिश अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या आनंदात मेजवानी दिली होती. इतक्या लांबच्या, कधी न पाहिलेल्या देशांसाठी मेजवानी! त्यांना त्या बातमीत आपलं काहीतरी दिसलं होतं.

१८१० ते १८२५ या पंधरा वर्षांत मेक्सिकोपासून चिलीपर्यंत सगळा मुलूख स्पेनच्या हातून गेला. १६ सप्टेंबर १८१० ला दोलोरेस गावच्या मिगेल इदाल्गो या पाद्र्याने घंटा वाजवून लोकांना उठवलं. पुढच्याच वर्षी त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्याच्यानंतर मोरेलोस, तोही पाद्रीच. त्याने रानावनांतून फिरणारी काँग्रेस भरवली आणि १८१४ साली आपात्सिंगान इथे घटनाही लिहून घेतली. तीही अमलात येण्याआधीच तो मारला गेला. शेवटी १८२१ साली मेक्सिको स्वतंत्र झाला तो आगुस्तीन दे इतुर्बिदे या सेनापतीच्या हातून. आधी तो याच बंडखोरांविरुद्ध लढत होता. पुढच्या वर्षी तो सम्राट झाला, त्याच्या पुढच्या वर्षी पदच्युत झाला.

दक्षिणेकडे सिमोन बोलिव्हार. १८१९ साली आंगोस्तुराच्या सभेत त्याने सांगितलं की कायदे ज्या लोकांसाठी करायचे त्यांना शोभणारे हवेत, शेजारच्या देशाची घटना उचलून चालत नाही. किती खरं बोलला! आणि त्याच बोलिव्हारने १८२६ साली बोलिव्हियासाठी लिहिलेल्या घटनेत तहहयात राष्ट्राध्यक्ष ठेवला, वर स्वतःचा वारस नेमण्याचा अधिकारही त्यालाच दिला. राजा घालवून पुन्हा राजाच आणण्याचा हा मार्ग होता. बोलिव्हारची थोरवी मान्य करूनही हे म्हणायलाच हवं. त्यानंतर घटनांचा जो पाऊस पडला त्याची गणती करण्यात अर्थ नाही. एकट्या व्हेनेझुएलात आजवर पंचवीसहून अधिक घटना झाल्या. आणि स्पेनची आशियातली वसाहत फिलिपिन्स? १८९९ च्या जानेवारीत मालोलोसला तिथल्या क्रांतिकारकांनी प्रजासत्ताकाची घटना जाहीर केली. पण स्पेनने महिनाभर आधीच दोन कोटी डॉलर घेऊन तो देश अमेरिकेच्या हवाली करण्याचा करार केलेला होता.

या घटना टिकल्या का नाहीत? माणसं वाईट होती, लष्करशहा लोभी होते, हे उत्तर नेहमी दिलं जातं. ते अपुरं आहे. स्पेनचा व्हाइसरॉय गेला, पण त्याच्या काळातली हसिएंदा, म्हणजे हजारो एकरांची जमीनदारी, जागच्या जागी राहिली. शेतात राबणारा तोच, सावकाराच्या दुकानाचं देणं फेडणारा तोच, फटके खाणाराही तोच. स्वातंत्र्य त्याच्या बांधापर्यंत आलंच नाही.

उलट घटनेनेच त्याचं नुकसान केलं, असंही घडलं. इथे थोडं थांबायला हवं. १८५७ ची मेक्सिकोची घटना उदारमतवाद्यांची. बेनितो हुआरेझ त्याच पिढीचे. सापोतेक या आदिवासी समाजातले, पोरके वाढलेले, देशाच्या राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोहोचलेले. चर्चच्या ताब्यातली अफाट जमीन मोकळी करावी, हा त्या उदारमतवाद्यांचा हेतू. हेतू चांगलाच. म्हणून घटनेच्या २७ व्या कलमात लिहिलं गेलं की कोणत्याही संस्थेला शेतजमीन बाळगता येणार नाही. पण गाव हीसुद्धा कायद्याच्या नजरेत संस्थाच! आदिवासी गावांची पिढ्यान्‌पिढ्यांची सामाईक शिवारं, गायरानं, पाणवठे या कलमाच्या तडाख्यात सापडले. पोर्फिरिओ दियास यांच्या तीस-पस्तीस वर्षांच्या राजवटीत मोजणी कंपन्या आणि साखर कारखानदार यांनी त्यावर हात मारला. मालकीचा कागद दाखवा, नाहीतर चालते व्हा. आपल्याकडे इंग्रजांच्या जंगल कायद्याने भिल्ल, कातकरी, महादेव कोळी यांचं जे केलं, ते आठवून पाहा.

कागद दाखवा म्हणणाऱ्यांना कागद दाखवणारं एक गाव होतं. मोरेलोस प्रांतातलं आनेनेकुइल्को. स्पॅनिश काळापासूनच्या जमिनीच्या सनदा, नकाशे, अर्ज या गावाने एका पेटीत जपून ठेवले होते. १९०९ साली गावच्या म्हाताऱ्या पंचांनी कारभार एका तिशीतल्या तरुणाकडे सोपवला, आणि त्याच्याबरोबर ती पेटीही. त्या तरुणाने आधी कागद वाचून घेतले, वकिलांना दाखवले, सरकारदरबारी खेटे घातले. काही झालं नाही. मग त्याने बंदूक उचलली. तो एमिलियानो सापाता. १९११ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने आयालाचा जाहीरनामा काढला. त्याचा गाभा साधा होता: ज्या गावांकडे सनद आहे त्यांची हिरावलेली जमीन परत द्या, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना हसिएंदांतून काढून द्या.

दियास यांची राजवट क्रांतीत कोसळली, आणि पुढे नवी घटना लिहायची वेळ आली. आता क्वेरेतारो. १ डिसेंबर १९१६ ला या शहरातल्या इतुर्बिदे नाट्यगृहात घटना परिषद सुरू झाली. फ्रेंचांनी मेक्सिकोच्या गादीवर बसवलेल्या सम्राट माक्सिमिलियनवर १८६७ साली याच नाट्यगृहात लष्करी खटला चालला होता. नाटकावर जीव टाकणाऱ्या पुणेकरांना हे ऐकून बरं वाटेल: जगातली एक थोर घटना रंगमंचासमोरच्या खुर्च्यांत बसून लिहिली गेली. सापाताच्या आणि उत्तरेतला बंडखोर पांचो व्हिया याच्या माणसांना तिथे प्रवेश नव्हता. जमिनीचा प्रश्न ज्यांनी रक्त सांडून उभा केला तेच बाहेर. राष्ट्रप्रमुख कारांसा यांनी आणलेला मसुदा म्हणजे १८५७ च्या घटनेचीच सुधारलेली आवृत्ती होती. प्रतिनिधींचं त्यावर समाधान होईना. यूकातानचे एक्तोर व्हिक्तोरिया हे स्वतः कामगार. आठ तासांचा दिवस, आठवड्याची सुट्टी, अपघाताची भरपाई घटनेत का नको, असा त्यांचा सवाल होता. कायदेपंडितांनी सांगितलं की कामाचे तास ही घटनेत लिहायची गोष्ट नाही, त्यासाठी साधा कायदा पुरे. का नाही? साधे कायदे शंभर वर्षं होतेच की! त्यातून १२३ वं कलम जन्मलं.

जमिनीच्या कलमावर सभेच्या दिवसभराच्या कामात चर्चा होईना, म्हणून अभियंते पास्तोर रुआइक्स यांच्याभोवती काही प्रतिनिधी वेगळे जमून मसुदा करत राहिले. फ्रान्सिस्को मूहिका यांच्या समितीने तो आणखी धारदार केला. मुदत ३१ जानेवारीला संपत होती. २९ च्या रात्री चर्चा रंगली आणि उत्तररात्री कलम संमत झालं. त्याचा क्रमांक? पुन्हा २७. ज्या कलमाने गावांची जमीन मोडली होती, त्याच क्रमांकाच्या कलमाने ती परत केली. देशातली जमीन आणि पाणी मूळचं राष्ट्राचं. खासगी मालकी राष्ट्राने दिलेली, आणि लोकहितासाठी तिच्यावर बंधन घालण्याचा अधिकारही राष्ट्राचा. भूगर्भातलं तेल आणि खनिजं राष्ट्राची. गावांना जमीन परत मिळेल, नसेल तर नवी दिली जाईल. ५ फेब्रुवारी १९१७ ला घटना जाहीर झाली. सामाजिक हक्कांसाठी जिचं नाव घेतलं जातं ती जर्मनीची वायमार घटना त्यानंतर दोन वर्षांनी आली.

त्या सभेत एकही स्त्री नव्हती. एर्मिला गालिंदो यांनी स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी परिषदेकडे पाठवली आणि ती नाकारली गेली. मेक्सिकोच्या स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळायला १९५३ उजाडलं. आपल्या घटना समितीत पंधरा स्त्रिया होत्या, आणि पहिल्याच निवडणुकीत प्रत्येक प्रौढ स्त्रीला मत होतं. या बाबतीत आपण त्यांच्या पुढे होतो.

कलम झालं. जमीन मिळाली का? सापाता १० एप्रिल १९१९ ला दगाफटक्याने मारला गेला, तोवर फारशी मिळाली नव्हती. आणि इथेच आपले खानखोजे येतात.

वर्ध्याचा हा मुलगा टिळकांच्या विचारांनी भारलेला. विशीत जपानमार्गे अमेरिका गाठली. कॅलिफोर्नियात लष्करी शिक्षण घेतलं, ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतकी शास्त्र शिकले. गदर चळवळीच्या उभारणीत ते होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूने इंग्रजांवर चालून जाण्याचा खटाटोप केला, तो फसला. मायदेशाची दारं बंद. बर्लिन, मॉस्को असं फिरत १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. हे विद्यालय वर्षभरापूर्वीच तिथे हलवलेलं होतं, आणि ती वास्तू म्हणजे एक जुनी हसिएंदा होती. कालपर्यंत जिथे जमीनदाराची कचेरी होती, तिथे आता शेतकऱ्यांच्या मुलांचे वर्ग.

पण खानखोजे विद्यालयाच्या भिंतींत बसून राहिले नाहीत. जमीन मिळालेल्या, मिळू घातलेल्या शेतकऱ्याला बी कोण देणार, माती कोण समजावणार? पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या हुकमावर राबलेल्या माणसाला स्वतःच्या शेताचं नियोजन कुणी शिकवलं होतं? यासाठी त्यांनी सहकाऱ्यांसह गावांतून मुक्त कृषिशाळा काढल्या. ओकोपुल्को गावच्या शाळेला नाव दिलं एमिलियानो सापाता. क्वेरेतारोच्या नाट्यगृहात ज्याला जागा नव्हती, त्याचं नाव एका मराठी माणसाच्या शाळेवर लागलं. तीना मोदोत्ती या इटालियन छायाचित्रकार बाईंनी त्या शाळांची छायाचित्रं घेतली. दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर ‘आमची भाकर’ अशा अर्थाच्या नावाचं चित्र रंगवलं. लांब टेबल, भोवती वेगवेगळ्या वर्णांची माणसं, मागे डोईवर फळांची टोपली घेतलेली बाई, आणि टेबलाशी बसून पाव मोडून वाटणारा माणूस. तो चेहरा खानखोजे यांचा. मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. बेल्जियन असलेल्या जान सिंदिक यांच्याशी तिथेच विवाह केला. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी लिहिलेलं चरित्र २००८ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालं.

जमीनवाटपाने खरा वेग घेतला तो लाझारो कार्देनास यांच्या कारकिर्दीत, १९३४ ते १९४०. जवळजवळ एक कोटी ऐंशी लाख हेक्टर जमीन गावांकडे गेली. १९३८ साली याच २७ व्या कलमाच्या बळावर त्यांनी परदेशी तेल कंपन्या ताब्यात घेतल्या. कलम ते बांध हे अंतर कापायला वीस वर्षं लागली, आणि ती वीस वर्षं खानखोज्यांसारख्या शिक्षकांनी, गावोगावच्या शेतकरी संघटनांनी, मोजणीदारांनी भरून काढली. सगळ्या थोर घटनाकारांच्या बरोबरीने या माणसांची नावं घ्यावीत असं मनापासून वाटतं, कारण त्यांच्याविना २७ वं कलम कपाटातच राहिलं असतं.

आपल्याकडे असा विचार कुणी केला होता का? केला होता. १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं, आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. मग १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन त्यांनी घटना समितीसाठी लिहिलं. शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, जमीनदार, कूळ, भूमिहीन मजूर असे भेद उरूच नयेत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: हे पुढच्या कायदेमंडळाच्या मर्जीवर न सोडता घटनेतच लिहावं. क्वेरेतारोत एक्तोर व्हिक्तोरिया हेच तर म्हणत होते! बहुमत येतं आणि जातं, म्हणून गरिबाची हमी बहुमताच्या आवाक्याबाहेर ठेवा.

घटना समितीने तसं केलं नाही. साधनसंपत्तीच्या वाटपाची गोष्ट मार्गदर्शक तत्त्वांत, ३९ व्या कलमात गेली, जिच्यासाठी कोर्टात दाद मागता येत नाही. उलट मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत बसला. जमीनदार कोर्टात गेले, आणि घटना लागू होऊन दीड वर्ष होत नाही तोच पहिली घटनादुरुस्ती करावी लागली. मालमत्तेचा हक्क मूलभूत यादीतून निघाला तो १९७८ साली, ४४ व्या दुरुस्तीने. तरीही महाराष्ट्रात काम झालं. १९४८ चा कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७, कृषक दिन, या तारखेला कसणारी कुळं कायद्याने मालक ठरली. सातबाऱ्यावर नाव लागणं म्हणजे काय, हे त्या पिढीला विचारा. पण ज्याचं कूळ म्हणूनही नाव नव्हतं त्या मजुराला, पोतराजाला, पारध्याला त्या तारखेने काय दिलं? आंबेडकरांचं निवेदन नेमकं त्याच्यासाठी होतं.

खानखोजे १९५५ साली कायमचे परतले, नागपुरात राहिले, २२ जानेवारी १९६७ ला वारले. त्याच्या आदल्या वर्षी भारताने मेक्सिकोतून अठरा हजार टन गव्हाचं बियाणं आणलं होतं.

मेक्सिकोतही गोष्ट संपलेली नाही. १९९२ साली २७ वं कलम बदललं, जमीनवाटप थांबलं, गावांच्या जमिनी विकता येऊ लागल्या. १ जानेवारी १९९४ ला चियापासमधले माया आदिवासी सापाताचं नाव घेऊन उठले. चिलीने लष्करशहा पिनोशेच्या काळातली १९८० ची घटना बदलायला घेतली, आणि लोकांनी २०२२ साली एक मसुदा व २०२३ साली दुसरा नाकारला. जुनीच घटना चालू आहे.

शेवटी एक विनंती आहे, आणि ती समोर बसलेल्या तरुण मुलामुलींना आहे. पुण्यात स्पॅनिश शिकणारे आज पुष्कळ आहेत. नोकरीसाठी शिकतात, त्यात गैर काही नाही. क्वेरेतारोच्या दोन महिन्यांच्या चर्चांचं इतिवृत्त छापलेलं आहे. खानखोज्यांनी मक्यावर स्पॅनिशमध्ये लिहिलेल्या पुस्तिका आहेत. हे दोन्ही इंग्रजीच्या वाटेने न जाता थेट मराठीत यायला हवं. सुरुवात २७ व्या कलमाच्या मूळ मसुद्यापासून करा, आणि २९ जानेवारीच्या रात्रीच्या चर्चेपासून. मराठीत त्याला वाचक आहेत. आजचं हे भरलेलं सभागृह पाहून तेवढं नक्की सांगता येतं.